वाढदिवस साडेसातला, उत्सवमूर्ती झोपलेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लहान मुलांच्या वाढदिवसाच्या थीमचं पान आलं होतं, जंगल, युनिकॉर्न, अंतराळ वगैरे, फोटो छान होते, पण अख्ख्या पानात एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे वाढदिवस किती वाजता करायचा. म्हणून हे पत्र लिहितेय. मी डोंबिवलीत राहते, सोसायटी मोठी आहे, महिन्याला दोन तरी आमंत्रणं मोबाईलवर येऊन पडतात आणि सगळ्यांवर वेळ एकच, सायंकाळी साडेसात. आता साडेसात म्हणजे साडेआठ हे आपल्याला काय कुणी सांगायला नको.

गेल्या वर्षी आमच्या नातीला दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा आम्हीही तेच केलं. क्लबहाऊस, सव्वाशे माणसं, मुलाचं ऑफिस, सुनेचं ऑफिस, आमचे बदलापूरचे, त्यांचे पार्ल्याचे. थीम फुलपाखराची. दिवसभर घराची बेल वाजत होती, डेकोरेशनवाला, केकवाला, ड्रेस फिटिंगवाली, त्यात पोरगी दुपारची झोपलीच नाही. सात वाजता तिच्या पाठीवर तारेचे पंख चढवले ते तिला टोचायला लागले, आणि साडेसातला त्या अँकरने माइकवर "बड्डे गर्ल कुठेएए" अशी आरोळी ठोकल्यावर तिने जे भोकाड पसरलं ते थांबेचना. मग तिला बाहेर पार्किंगमध्ये फिरवत बसलो, आत गेम्स चालू, मोठी माणसंच संगीत खुर्ची खेळतायत. केक कापला नऊला दहा कमी असताना. कापला म्हणजे काय, ती बाबाच्या खांद्यावर गाढ झोपलेली, तिचा हात धरून सुरी फिरवली. फोटोत सगळे हसतायत, तिची नुसती पाठ दिसते आणि एक वाकडा पंख. तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, येणारा जाणारा बघून म्हणतो किती गोड.

दोष कुणाला देऊ, सून माझी हौशी आहे, तिने चार महिने जीव ओतला होता त्यात. पण मी नंतर शांतपणे विचार केला की साडेसातच का, तर लोक ऑफिसातून तेव्हा सुटतात आणि आमचं क्लबहाऊस मिळतंच मुळी संध्याकाळी सहा ते दहा. सकाळचं द्यायला कमिटी तयार नाही, दिलंच तरी चार तासांचं पूर्ण भाडं घेणार. म्हणजे ट्रेन आणि हॉल यांच्या टाइमटेबलवर दोन वर्षांच्या पोराचा वाढदिवस ठरतो, आणि ज्याचा वाढदिवस ते पोर सात वाजता वरणभात खाऊन नऊला झोपणारं, त्याला कुणी विचारत नाही.

यंदा मी जूनमध्येच सुनेला म्हटलं, थीम मागाहून बघू, आधी हिची झोप मांड. दुपारी दीड ते तीन झोपते, बारा-साडेबाराला जेवते, मग पार्टी सकाळी साडेदहा ते बारा, संपला विषय. ती म्हणाली सकाळी कोण येणार आई. मी म्हटलं, न येणारे रात्री येऊन तरी काय करतात, पाकीट देतात, पनीर खातात नि पार्किंग शोधतात. थोडी फुगली, पण ऐकलं. नऊ मुलं, त्यांच्या आया, दोन आज्या आणि एक बाबा जो चुकून सुट्टीवर होता. घरातच.

केलं काय, तर आधी औक्षण. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. पोरगी इतके वाढदिवस बघून आलेली की निरांजन समोर आलं तशी गाल फुगवून फू करून मोकळी. आमच्या वन्सं म्हणाल्या अगंबाई दिवा मालवला. मी परत लावला, हिने परत फू. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सगळी नऊ पोरं पुढे सरसावलेली. शेवटी निरांजन तिच्या फुंकरीच्या टप्प्याबाहेर धरून लांबूनच ओवाळलं आणि केकवर तीन मेणबत्त्या लावून दिल्या, घे फुंक काय फुंकायचं ते.

आणि मग गंमत, आम्ही ऑगस्टमध्ये बोरन्हाण केलं. म्हणजे तसं नव्हे, पण लहान मुलांची पार्टी कशी करावी हे आपल्या बायकांना केव्हाचं कळलेलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. संक्रांत ते रथसप्तमीमध्ये करतो ते बोरन्हाण आठवून बघा, पोराला मधे बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचं. अँकर नाही, माइक नाही, अर्ध्या तासात सगळं आवरतं, नि प्रत्येक मूल काहीतरी करत असतं, कोपऱ्यात बसून कुणी बघत बसत नाही. म्हणून आम्ही सतरंजी टाकली, नातीला मधे बसवलं आणि परातभर चुरमुरे आणि रंगीत कागदाचे बोळे ओतले. बोरं ऑगस्टात कुठली, आणि असती तरी ह्या वयाला बी घशात जाते म्हणून नकोच. वीस मिनिटं पोरं नुसती लोळत होती. चुरमुरे अजून सोफ्याखाली निघतायत ते सोडा.

घशावरून आठवलं, आपल्याकडे तीन वर्षांच्या मुलांसमोर मसाला शेंगदाणे आणि पॉपकॉर्नचे कोन ठेवतात, अख्खी द्राक्षं ठेवतात. मुलांचे डॉक्टर घसा फोडून सांगतात की इतक्या लहान पोरांना हे देऊ नका, श्वासनळीत अडकतं. तसंच फुटलेल्या फुग्याचे तुकडे. पोर तो तुकडा तोंडात घालून चघळतं आणि आपण व्हिडिओ काढत असतो. आम्ही छोट्या इडल्या, शिरा आणि मोठ्यांना पुरी-भाजी एवढंच केलं, फुगे भिंतीवर वर बांधले आणि फुटला की तुकडा उचलायची ड्युटी आजोबांना दिली, त्यांनी ती फार गंभीरपणे केली.

पण खरी धडकी भरते ती गॅसच्या फुग्यांची नि त्या फेसाच्या स्प्रेची. हिलियम महाग, म्हणून बरेच फुगेवाले हायड्रोजन भरतात. हिलियम पेटत नाही, हायड्रोजन भसकन पेटतो. आणि आपण काय करतो, त्या फुग्यांच्या झुपक्याखाली केक ठेवतो, केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्ती लावतो आणि वर चारी बाजूंनी स्नो स्प्रे मारतो, ज्याच्या डब्यावरच बारीक अक्षरात ज्वलनशील असं लिहिलेलं असतं. आमच्याच वरच्या मजल्यावरच्या एका वाढदिवसात एका मुलाच्या बाहीवरच्या फेसाने पेट घेतला, शेजारच्या काकांनी हाताने दाबून विझवला म्हणून निभावलं, भुवई थोडी जळली. पाच मिनिटांनी गाणी परत चालू!

अजून एक. प्लास्टिकच्या काडीवरचे फुगे आणि थर्माकोलची सजावट, दोन्हीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, फुग्याच्या काडीचं त्या यादीत नाव घेऊन लिहिलंय. तरी मुलांच्या वाढदिवसाला दोन्ही हमखास दिसतात, इव्हेंटवाल्याला विचारलं तर म्हणतो काकू चालतंय.

रिटर्न गिफ्ट म्हणून आम्ही प्रत्येकाला रंगीत खडूंचा एक डबा दिला. पोरांनी जाता जाता खाली पार्किंगमध्ये रेघोट्या ओढल्या, त्यावरून कमिटीतल्या एकांचा ग्रुपवर मेसेज आला, फोटोसकट. पावसाने धुऊन गेल्या दुसऱ्या दिवशी. बारा वाजता सगळे गेले, साडेबाराला नात जेवली, दीडला झोपली, पंखबिंख काही नव्हते.

आता मुद्द्याचं. आमच्यासारख्या सोसायट्यांनी क्लबहाऊसचा सकाळचा दोन तासांचा स्लॉट अर्ध्या भाड्यात द्यावा, पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाढदिवसासाठी. सगळ्यांचं घर आमच्याएवढं नसतं, नऊ पोरं वन बीएचकेत लोळू शकत नाहीत. आणि आत गॅसचे फुगे नि स्प्रे आणायचे नाहीत असं बुकिंगच्या फॉर्मवरच छापावं. तसा अर्ज मी दिलाय, पुढच्या महिन्यात जनरल बॉडी आहे. सेक्रेटरी म्हणाले आजी, असं आजवर कुणी मागितलं नाहीये. तुम्ही हे पत्र छापलंत तर कात्रण अर्जाला टाचणी लावून जोडता येईल.

आपली,
एक आजी, डोंबिवली पूर्व