समाजमाध्यमांचा त्याग नको, वापराला मर्यादा हवी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांमुळे मन अस्वस्थ होते, झोप बिघडते, एकाकीपणा वाढतो, म्हणून ती सरळ बंद करावीत, असा सल्ला देणारे लेखन अलीकडे वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. या सल्ल्यामागची कळकळ मला मान्य आहे आणि त्यातील मूळ विधानही बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही महाविद्यालयात अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवताना, विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशी या विषयावर बोलताना मला सतत जाणवत आले आहे की, ज्या स्वरूपात हा सल्ला दिला जातो त्या स्वरूपात तो बहुतेकांच्या उपयोगी पडत नाही. तो सर्व प्रकारच्या वापराला एकच माप लावतो आणि ज्या सवयीमागे फार मोठी तांत्रिक योजना उभी आहे, ती मोडण्याचा सगळा भार एकट्या माणसाच्या निग्रहावर टाकतो. वापर कमी केल्याने भावनिक स्वास्थ्य सुधारते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र नेमके काय कमी करायचे आणि त्यासाठी कोणती व्यवस्था लावायची, याचा विचार त्याआधी झाला पाहिजे.

या संदर्भात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेलिसा हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. त्यात १४३ विद्यार्थी सहभागी होते. एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट या प्रत्येकावर दिवसाला १० मिनिटांपेक्षा अधिक वेळ न घालवण्यास सांगण्यात आले, तर दुसऱ्या गटाने आपला नेहमीचा वापर चालू ठेवला. ३ आठवड्यांनंतर मर्यादा पाळणाऱ्या गटात एकाकीपणाची भावना आणि नैराश्याची लक्षणे कमी झालेली आढळली, आणि ज्यांना सुरुवातीला नैराश्य अधिक होते त्यांच्यात हा फरक विशेष दिसला. यातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. कोणालाही खाते बंद करायला लावले नव्हते. तिन्ही माध्यमे मिळून रोजचा अर्धा तास त्यांच्या हाती होताच. शिवाय ज्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते त्यांचीही चिंता आणि आपण कशाला तरी मुकत आहोत ही भीती काही प्रमाणात घटली. दोन्ही गटांच्या वापराची नोंद ठेवली जात होती, आणि आपला किती वेळ कुठे जातो याकडे लक्ष गेल्यामुळेच हे घडले असावे, असे संशोधकांनी सुचवले आहे. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण नोंद ठेवायला कसलाही त्याग करावा लागत नाही.

दुसरा प्रयोग अर्थशास्त्रज्ञांचा आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेन्ट्झकाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, अमेरिकेत अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदीय निवडणुकीच्या आधीच्या ४ आठवड्यांत, काही लोकांना मोबदला देऊन फेसबुक खाते तात्पुरते बंद ठेवायला लावले. त्यांच्या दिवसातला सरासरी एक तास मोकळा झाला. हा वेळ दुसऱ्या एखाद्या समाजमाध्यमाकडे वळेल असे कोणालाही वाटले असते, पण तसे झाले नाही. त्यातला काही वेळ दूरचित्रवाणी पाहण्यात गेला आणि काही घरच्यांच्या व मित्रांच्या सहवासात. मनाच्या समाधानात वाढ झाली. ती लहान होती, पण स्पष्टपणे मोजता येण्याजोगी होती. राजकीय मतांमधील टोकाची दरी कमी झाली, आणि त्याबरोबरच चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावर बहुतेक जण फेसबुककडे परतले, तरी पुढचे काही आठवडे त्यांचा वापर पूर्वीपेक्षा कमीच राहिला. सक्ती नसताना त्यांनी केलेली ही निवड मला त्या साऱ्या आकडेवारीपेक्षाही अधिक बोलकी वाटते.

याच्या विरोधात एक आकडा नेहमी पुढे केला जातो, त्याचाही विचार करायला हवा. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये किशोरवयीनांच्या फार मोठ्या सर्वेक्षणांचे विश्लेषण केले, तेव्हा मुलामुलींच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे आढळले. हे विश्लेषण काळजीपूर्वक केलेले आहे आणि सरसकट भीती पसरवणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. परंतु दूर गेलेल्या मैत्रिणीशी तासभर मनमोकळे बोलणे आणि रात्री दीड वाजता अनोळखी माणसांची भांडणे वाचत पडून राहणे, या दोन्हींची एकाच रकान्यात बेरीज केली की सरासरी शून्याच्या आसपास येणार, यात नवल नाही. म्हणूनच किती वेळ या प्रश्नाइतकाच कोणता वेळ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मनाला थकवणारा वापर कोणता, हे ओळखणे फारसे कठीण नाही. माणूस स्वतःची किंमत इतरांशी तुलना करून ठरवतो, हा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडला. त्या काळी तुलनेला शेजारी, सहकारी, नातेवाईक असायचे आणि त्यांची सुखे जशी दिसत तशी त्यांची दुःखेही दिसत. आता एका बैठकीत शेकडो लोकांचे निवडक क्षण डोळ्यांसमोरून जातात, आणि त्या प्रत्येकाच्या मागचा उरलेला दिवस आपल्याला दिसत नाही. काही लिहिण्या-बोलण्यासाठी न येता नुसते पाहत राहिल्याने पुढच्या काही तासांत मन खिन्न होते आणि त्यात असूयेचा वाटा असतो, असे २०१५ मधील एका अभ्यासात दिसून आले होते. नंतरच्या संशोधनात पाहणे आणि सहभागी होणे यांतला भेद इतका काटेकोर ठरला नाही. माणसामाणसांत बराच फरक पडतो. तरीही अस्वस्थ विद्यार्थ्यांकडून मी जे ऐकते त्यात ‘मी फक्त बघत होते, कळलंच नाही किती वेळ गेला’ हे वाक्य हटकून येते.

असूयेपेक्षाही रागाबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण असूया माणसाला स्वतःच्या मनात ओळखू येते, पण रागाचा शीण सहसा ओळखू येत नाही. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरील वादग्रस्त विषयांचे संदेश तपासले, तेव्हा नैतिक संताप किंवा तिरस्कार अशा भावनांनी भारलेला प्रत्येक शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो, असे त्यांना आढळले. ज्या मजकुरावर लोक रेंगाळतात आणि जो पुढे पाठवतात तोच वर आणणारी क्रमवारी असेल, तर संतापजनक मजकूर आपल्यापर्यंत अधिक पोहोचणार हे उघड आहे. तो वाचणाऱ्याला आपण जगाची खबर घेत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात ज्यांच्याशी आपला काहीही संबंध नाही अशा माणसांवरचा राग घेऊन आपण जेवायला बसतो, आणि समोरच्याने साधा प्रश्न विचारला तरी उत्तर तुटक येते. अशा वेळी त्या तुटकपणाचे कारण आपण कामाच्या ताणात शोधतो, झोपेत शोधतो. तासाभरापूर्वी हातात असलेल्या फोनचे नाव मात्र क्वचितच निघते. भावनिक स्वास्थ्याची चर्चा नैराश्य आणि चिंता यांपाशीच थांबते आणि घरातल्या बोलण्याच्या स्वरापर्यंत येत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

या सवयीची घडण समजून घेतली की निग्रहावर विसंबणे किती अपुरे आहे हे लक्षात येते. बक्षीस दर वेळी न मिळता अनियमितपणे, केव्हा मिळेल हे न कळता मिळत राहिले, तर वर्तन सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्यातच स्पष्ट झाले होते. फोन उघडल्यावर कधी काहीच नसते आणि कधी अनपेक्षितपणे सुखावणारे काहीतरी असते. म्हणूनच तो पुन्हा उघडावासा वाटतो. पान न संपता खाली मजकूर येतच राहण्याची रचना अझा रास्किन या तंत्ररचनाकाराने २००६ मध्ये केली आणि पुढे तिच्याबद्दल त्यांनी स्वतः जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकवर लाइकचे बटण २००९ मध्ये आले. पान संपणे, अंक वाचून होणे, कार्यक्रम आटोपणे हे थांबे माणसाला पूर्वी आपोआप मिळत असत, ते या रचनेत काढून टाकले गेले. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाने अशा रचनेपुढे दर वेळी मनोबलाने जिंकावे ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते, आणि तो हरला की स्वतःला दुबळा समजू लागतो हे त्याहून वाईट आहे.

म्हणून थांबे आपणच पुन्हा निर्माण करावेत. सर्वांत आधी नोटिफिकेशन आवरावीत, पण ती एकदम आणि सगळी बंद करू नयेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून ३ ठरावीक वेळी एकत्र मिळत होती, त्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. उलट ज्यांची ती पूर्णपणे बंद केली होती, त्यांची चिंता आणि काहीतरी सुटल्याची भीती वाढली. टोकाच्या संकल्पांचा असा उलटा परिणाम होऊ शकतो. ज्या अ‍ॅपवर सर्वाधिक वेळ जातो ते फोनमधून काढून केवळ संगणकावर, दर वेळी पासवर्ड घालून वापरावे. खाते राहते, माणसे राहतात, पण नकळत उघडणे बंद होते. ज्या खात्यांवरील मजकूर पाहून आपण खट्टू किंवा चिडचिडे होतो ती अनफॉलो करावीत, आणि नात्यागोत्यामुळे तसे करणे अवघड असेल तर म्यूट करावीत, म्हणजे कोणाचे मन दुखावत नाही. रात्री फोन उशाशी ठेवू नये आणि सकाळच्या गजरासाठी घड्याळ वापरावे, कारण दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात मन सर्वाधिक उघडे असते असा माझा अनुभव आहे. मोकळ्या झालेल्या वेळेत काय करायचे हेही आधी ठरवलेले असावे. फिरायला जाणे, एखाद्याला प्रत्यक्ष फोन करणे, अर्धवट राहिलेले वाचन यांपैकी काहीही चालेल. मात्र ती जागा रिकामी राहिली तर जुनी सवय काही दिवसांतच तिथे परत येते.

हा सल्ला सर्वांना सारखाच लागू करू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. दुर्मीळ आजाराशी झुंजणारे रुग्ण, अपंगत्वामुळे घराबाहेर पडणे कठीण असलेल्या व्यक्ती, आपल्या माणसांपासून दूर राहणारे लोक किंवा ज्यांना घरात स्वतःविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही असे तरुण, यांच्यासाठी एखादा ऑनलाइन गट हाच मोठा आधार असतो. त्यांना तो सोडायला सांगणे निर्दयपणाचे होईल. ज्यांचा व्यवसायच या माध्यमांवर चालतो त्यांचीही अडचण वेगळी आहे. तसेच उदासी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, झोप आणि भूक हरवली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर फोनचा वापर कमी करून पाहण्यात वेळ न दवडता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे जायला हवे.

व्यक्तीने आपल्या परीने व्यवस्था लावली, तरी कंपन्यांची जबाबदारी कमी होत नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी जनतेला सल्ला देणारे सरकारचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, विवेक मूर्ती यांनी २०२४ मध्ये या माध्यमांवर धोक्याचा इशारा छापण्याची मागणी केली, आणि ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना खाती उघडण्यास मनाई करणारा कायदा डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. बंदीचे परिणाम यथावकाश कळतील. मला त्याहून साधी मागणी अधिक आवश्यक वाटते. लाइकची संख्या लपवण्याची सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये दिली, पण ती शोधून, ठरवून चालू करावी लागते. अशा सोयी सेटिंगच्या आत दडवण्याऐवजी सुरुवातीपासून चालू असाव्यात आणि ज्याला नको असतील त्याने त्या बंद कराव्यात, असा नियम सर्वत्र व्हायला हवा.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. फेसबुकपासून दूर राहिलेल्या माणसांना चालू घडामोडींची माहिती कमी मिळाली, हे मी वर नमूद केले आहे. बातम्यांना मुकण्याच्या भीतीनेच अनेक जण समाजमाध्यमे सोडायला धजत नाहीत, आणि ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य ज्याची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो अशा दैनिकात आहे. मात्र आज वृत्तपत्रांची अ‍ॅपदेखील दिवसभर तातडीच्या बातम्यांची नोटिफिकेशन पाठवतात, आणि त्यांतल्या बहुतेक बातम्या संध्याकाळपर्यंत थांबू शकल्या असत्या. आपण आपल्या अ‍ॅपमध्ये सकाळी आणि संध्याकाळी मिळून दोनदाच येणाऱ्या संक्षिप्त बातमीपत्राची सोय करावी, नवीन वाचकासाठी तीच मूळ निवड ठेवावी, आणि खरोखर जीविताशी संबंधित इशारे तेवढे वेळ न पाहता पाठवावेत.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक