केसपेपरवर भूकंपासाठी एक रकाना हवा

संपादक महोदय,

मी पुण्यात मेडिकल कोडिंग करते, म्हणजे अमेरिकेतल्या पेशंटच्या फाइली वाचायच्या आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला कोड लावायचा. त्यात झेड ६५.५ असा एक कोड आहे. हा आजार नाही, या माणसाने आपत्ती किंवा युद्ध भोगलंय एवढीच नोंद, पण पुढच्या डॉक्टरला ती दिसते. तिकडे ही गोष्ट नर्सने किंवा सोशल वर्करने लिहिलेली असली तरी आम्हाला चालते. कोणीच लिहिली नसेल तर मात्र कोड लावता येत नाही.

माझी आई किल्लारीजवळची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, विसर्जन करून दमलेली माणसं झोपलेली आणि माळवदाची घरं, त्या दगडमातीच्या जाड भिंती, सगळं अंगावर आलं. आठ-दहा हजार लोक गेले, त्यात माझी आजी आणि धाकटा मामा. आई अजून दाराला कडी लावून झोपत नाही, उशाशी बॅटरी असते, रस्त्यावरून ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी वाजली की ती अंगणात!

तिच्या केसपेपरांची पिशवी मी परवा उपसली. वीस वर्षांचे कागद, बीपी, धडधड, झोप नाही, ईसीजी नॉर्मल, झोपेची गोळी. भूकंप हा शब्द एकाही कागदावर नाही. कोणी विचारलं नाही आणि आई म्हणते, "ते काय डॉक्टरला सांगायचं असतंय का?" शेवटी मीच सोबत जाऊन सांगितलं, तेव्हा कुठे मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली.

ओपीडीत शंभर पेशंटची रांग असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला कळतं. पण केसपेपर काढतानाच "भूकंप, पूर, दरड यातून गेलात का, कोणत्या साली" असा एक रकाना असला तर तो खिडकीवरचा माणूससुद्धा भरेल, गावात आशाताई विचारतील. माळीणची दरड २०१४ ची, इर्शाळवाडीची २०२३ ची. त्यातली वाचलेली पोरं उद्या कामाधंद्याला कुठल्या कुठल्या शहरात जातील आणि तिथल्या डॉक्टरला छातीत धडधडतंय एवढंच सांगतील. आरोग्य विभागाने हा रकाना यंदाच छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे (मूळ तालुका औसा)