काकू, जुन्या पुस्तकांसाठी मनापासून थँक यू

काकू, फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

फिलाडेल्फियाला राहायला आल्यापासून मला अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी इथे छापलेली शिकवणारी पुस्तकं जमवायचा नाद लागलाय, म्हणजे मुळाक्षरं, हिशेब, घरगुती औषधं, स्वयंपाक वगैरे. जाडजूड प्रवचनं कपाटात राहिली म्हणून टिकली, पण ही बिचारी पोरांच्या हातात झिजून संपली. न्यू इंग्लंड प्रायमर हे पोरांना मुळाक्षरं शिकवणारं पुस्तक १६९० च्या आसपास बॉस्टनला निघालं, पुढे त्याच्या लाखो प्रती छापल्या, आणि आज सापडते ती सगळ्यात जुनी प्रत १७२७ ची! म्हणूनच एखादं फाटकं पान दिसलं तरी मला अजून धडधडतं.

तुम्ही आयुष्यभर लायब्ररीत जुनी पुस्तकं सांभाळलीत, रिटायर झाल्यावर खरं तर आराम करायचा, पण माझ्यासारख्या अनोळखी माणसाला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवत बसलात. कागद उजेडासमोर धर, हाताने कागद बनवायच्या साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात का बघ, आधी पानं मोज आणि मग किंमत विचार. एकाने १७७७ चं प्रायमर म्हणून फोटो पाठवले तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात की आधी आयरा वेबस्टरचं रीप्रिंट नाही ना ते बघ, त्याने १८४३ मध्ये हार्टफर्डला तीच आवृत्ती पुन्हा छापली होती आणि टायटल पेजवर साल १७७७ च आहे. तेच निघालं.

आणि ते डिलवर्थचं अंकगणित, म्हणजे तेव्हाचं शाळेतलं हिशेबाचं पुस्तक! फिलाडेल्फियातच छापलेलं, पुठ्ठा गेलेला, पानांचे गठ्ठे क्रमाने लावायला खाली छापलेल्या खुणांच्या अक्षरांत I नंतर एकदम K, विकणारा स्वतःच म्हणत होता की मधली पानं गहाळ आहेत. तुम्ही सांगितलंत की तेव्हाचे छापणारे त्या खुणांत J घ्यायचेच नाहीत, मजकूर सलग लागतोय ना एवढं बघ. लागत होता, अख्खं पुस्तक पूर्ण! आत सगळं प्रश्नोत्तरांत, त्रैराशिक, पौंड-शिलिंग-पेन्सचे हिशेब, आणि समासात कुणीतरी शाईने स्वतःची बेरीज करून पाहिलेली, हातचा विसरलाय त्याने. मला छापील मजकुरापेक्षा ती बेरीजच जास्त आवडते खरं सांगायचं तर, आणि ती पुसून "स्वच्छ" करू नकोस असं तुम्ही बजावलंत त्याबद्दल वेगळे आभार.

१७४२ ला विल्यम्सबर्गला विल्यम पार्क्सने छापलेलं कम्प्लीट हाऊसवाइफ, अमेरिकेत छापलेलं पहिलं स्वयंपाकाचं पुस्तक, ते काही मला कधी परवडणार नाही. पण मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या अँटिक्वेरियन सोसायटीत, म्हणजे जुन्या अमेरिकन छापील पुस्तकांच्या लायब्ररीत जाऊन जुनी पुस्तकं नीट बघता येतात असं तुम्हीच म्हणाला होतात. उन्हाळ्यात गाडी काढतो, तुम्ही आणि काका येताय ना? तारीख तुम्ही सांगा, राहायचं मी बघतो.