निधी वाटू नका, क्रम लावा : अर्थ व नियोजन मंत्र्यांना मराठवाड्यातून खुले पत्र

प्रति,
मा. अर्थ व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठवाड्यातील रखडलेल्या कामांचा क्रम आणि निधीची वाटणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता आहे. नोकरी बहुतेक कालव्यांवर झाली, परभणी-हिंगोली-जालना या पट्ट्यात. मराठवाड्याला वाढीव निधी द्या, हे सांगायला हे पत्र नाही. ती मागणी करणारे पुष्कळ आहेत आणि ती रास्तच आहे. मला बोलायचं आहे ते आज जो पैसा येतो त्याबद्दल. तो कोणत्या कामाला, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या आधी मिळतो, यावर आमच्याकडे शेतात पाणी येणं न येणं ठरतं.

समजा, एका विभागाकडे प्रत्येकी दहा कोटींची दहा कामं आहेत आणि वर्षाला मिळतात दहा कोटी. आज काय होतं? प्रत्येक कामावर एकेक कोटी टाकला जातो. सगळी कामं अहवालात ‘प्रगतीत’ राहतात आणि दहाव्या वर्षी एकदम पुरी होतात. तोवर एकाही शिवारात पाणी नाही. आता हेच दहा कोटी दरवर्षी एकाच कामाला दिले तर पहिलं काम पहिल्या वर्षी संपतं, दुसरं दुसऱ्या वर्षी, आणि शेवटचं दहाव्याच वर्षी. ज्याचा नंबर शेवटी लागला त्याचं काहीच गेलं नाही. बाकी नऊ ठिकाणी मात्र एक ते नऊ वर्षं आधी पाणी खेळलं. सरासरी वाट दहा वर्षांवरून साडेपाचवर आली, तीही एक रुपया जादा न घालता. भाववाढ, मुदतवाढ आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेचे फेरे धरले तर फरक याहून मोठा पडतो.

रात्री दारं धरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. मोटारीचं पाणी सगळ्या वाफ्यांत एकदम सोडलं तर एकही वाफा शेवटपर्यंत भिजत नाही.

अभियंता म्हणून एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. एका कामात एका हंगामात किती पैसा खपू शकतो यालाही मर्यादा असते. जलसेतूच्या काँक्रीटला त्याचा वेळ द्यावाच लागतो, भरावाचे थर दाबूनच वर न्यावे लागतात. त्यामुळे एका वेळी एकच काम हा माझा हट्ट नाही. दहाऐवजी तीन घ्या, पण त्या तिघांना पुरेल एवढं द्या.

यावर लगेच प्रश्न येतो : मग आधी कोण? हा प्रश्न मी हलका मानत नाही. अनुशेष म्हणजे काय हे मराठवाड्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. इतर भागांच्या मानाने विकासात राहिलेली ही तूट १९८४ मध्ये दांडेकर समितीने मोजली तेव्हापासून तीन पिढ्यांनी तो शब्द ऐकला आहे. ‘तुमचा नंबर नंतर’ असं ज्याला आयुष्यभर सांगितलं गेलं, त्याला पुन्हा तेच सांगायला कोणताही लोकप्रतिनिधी धजावणार नाही. म्हणूनच प्रत्येक तालुक्याला थोडं थोडं देण्याची रीत पडली. पण त्या थोड्याने तालुक्याला नारळ आणि कोनशिला मिळते, पाणी मिळत नाही. नंबर लावायचा नियम उघड असेल तर माणसं थांबतात, असा माझा अनुभव आहे. जमिनीचा पूर्ण ताबा मिळालेलं काम आधी घ्यावं. त्यातही, उरलेल्या खर्चाच्या मानाने जिथे जास्त हेक्टर भिजणार आहेत ते आधी. हा क्रम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि मग तो कुणाच्या फोनने बदलू देऊ नका. माणसं चिडतात ती रांग मोडल्यावर.

आता क्रमाच्या दुसऱ्या अंगाकडे येतो. एकाच कामाच्या आतल्या क्रमाबद्दल बोलतो, कारण तिथे होणारं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रत्येक प्रकल्पात कामांची अशी एक साखळी असते, की तिच्यातलं एक काम महिनाभर लांबलं की सगळा प्रकल्प महिनाभर लांबतो. अभियांत्रिकीत तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाली आणि आज आपल्या पदविकेच्या मुलांनाही शिकवली जाते. साखळीबाहेरच्या कामांना थोडी सवड असते, साखळीतल्या कामांना ती नसते. माणसं, यंत्रं, पैसा आधी साखळीतल्या कामांना द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या कालव्यांवर ही साखळी मातीकामातून क्वचितच जाते. ती जाते भूसंपादनाच्या टेबलावरून, संयुक्त मोजणीतून, वनजमिनीच्या प्रस्तावातून, रेल्वे किंवा महामार्ग ओलांडण्याच्या परवानगीतून. आणि पोकलेन मात्र पहिल्या दिवशी मातीकामावर लागतं, कारण घनमीटर मोजता येतो, मोजमाप पुस्तकात चढवता येतो, त्याचं बिल निघतं.

एका कालव्याचं सांगतो, नाव घेत नाही. दोन्ही बाजूंनी मातीकाम झालं, काँक्रीटचं अस्तरीकरण झालं. मधला दोन-अडीचशे मीटरचा तुकडा राहिला. जमीन तीन भावांची, सातबारा एकत्र, वाटणी तोंडी. भूसंपादनाचा प्रस्ताव हलला तेव्हा खालच्या अंगाचं काँक्रीट वाळूनसुद्धा गेलं होतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. कालव्यात पाणी न सोडता वर्षांमागून वर्षं गेली, की तिच्यावरचं अस्तर उचकटतं. तो तुकडा ताब्यात आला तोवर कालव्याच्या पोटात बाभळी माजल्या होत्या, आणि खालच्या भागाचं अस्तरीकरण उखडून पुन्हा करावं लागलं. टोकाच्या गावातला एक म्हातारा मला म्हणाला, “साहेब, कालवा आला, त्यात शेरडं चारून झाली, आता पाणी कधी?” वाटाघाटीने थेट जमीन खरेदीची सोय २०१५ पासून आपल्याकडे आहे. तो तुकडा आधी घेतला असता तर दुसरं अस्तरीकरण लागलंच नसतं.

क्रम चुकण्याची किंमत कधी पैशापलीकडे जाते. मातीच्या धरणाची घळभरणी, म्हणजे नदीपात्रातला शेवटचा खुला भाग बुजवणं, एका उन्हाळ्यात, पहिल्या पुराच्या आत संपवावी लागते आणि त्याआधी बुडीत क्षेत्रातली माणसं हललेली असावी लागतात. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प कित्येक वर्षं रखडला. ऑगस्ट २०२५ मध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, रावणगाव-हसनाळ भागात पाणी शिरलं आणि माणसं दगावली. पुनर्वसन पुरं होण्याआधी घळभरणी केली, ही तिथल्या गावकऱ्यांची तक्रार आहे. ती आपण स्वतः तिथे जाऊन ऐकावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पाटबंधाऱ्यांपुरतंच हे दुखणं नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणीपुरवठा योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. पैठण रस्त्याचं रुंदीकरण आणि त्याच्याच कडेने जाणारी २,५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी एकमेकांच्या वाटेत आली. दोन यंत्रणांनी एका नकाशावर एकत्र बसून वेळापत्रक केलं असतं तर तो घोळ टळला असता. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला आणि बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. जलजीवन मिशनमध्ये कितीतरी गावांत टाकी आधी उभी राहिली, गल्ल्या खोदून पाइप पडले आणि उद्भवाच्या, म्हणजे जिथून पाणी उचलायचं त्या, विहिरीला पाणी आहे का, हे शेवटी पाहिलं गेलं. जिथे पाणी लागलं तिथे पंपाच्या वीजजोडणीसाठी थांबणं आलं.

महिन्यांचा हिशेबही आपल्याच हातात आहे. मातीकामाचा आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगापर्यंत चालतो. त्याच दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीतल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे कामाला ऊन आणि कोरडी जमीन मिळते तेव्हा माणूस मिळत नाही. निधीचंही तसंच. पुरवणी मागण्या डिसेंबरच्या अधिवेशनात मंजूर होतात, पैसे बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, दिसेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो आणि मग ३१ मार्चच्या रात्री कोषागारात गर्दी होते. घाईत निघालेलं बिल आणि घाईत झालेलं काम यांत फार फरक नसतो. मोठा ठेकेदार तग धरतो. लहान ठेकेदाराची बिलं थकली की तो पोकलेन आणि हायवा दुसऱ्या जिल्ह्यात नेतो, आणि ती यंत्रं परत आणण्यात अर्धा हंगाम जातो. ऑक्टोबरमध्ये हातात असलेला एक कोटी मार्चमधल्या दोन कोटींहून जास्त काम करतो, हे मी अनेकदा बघितलं आहे. रोजगार हमी योजना याच महाराष्ट्राने देशाला दिली. ऊसतोडीला जायच्या आधीच गावात चार महिन्यांचं काम आणि वेळेवर मजुरी पक्की दिसली, तर काही टोळ्या थांबतील. लेकरांची शाळाही सुटणार नाही.

हे जमत नाही असं नाही. कोकण रेल्वेच्या कामावर तिचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती. सह्याद्रीतले बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल पार करून १९९८ मध्ये तो मार्ग सुरू झाला. आमच्याकडे निविदेला कामांचं वेळापत्रक दाखवणारा बार चार्ट जोडलेला असतो, पण कार्यारंभ आदेशानंतर तो फाइलमधून बाहेर निघत नाही.

माझी विनंती अशी आहे. जमिनीचा सलग ताबा आणि पाण्याचा खात्रीचा उद्भव असल्याशिवाय कोणत्याही कामाचा कार्यारंभ आदेश निघू नये. अपवाद करायचाच असेल तर तो मंत्र्यांच्या सहीने आणि कारण लिहून व्हावा. देयकाचा मोठा हिस्सा घनमीटरवर न देता, कालव्याच्या टोकाला चाचणीचं पाणी पोहोचल्यावर द्यावा. म्हणजे ठेकेदार स्वतःच अडलेला तुकडा सोडवायला धावेल. चालू कामांचा निधी हंगामाआधी, दसऱ्यापर्यंत विभागाच्या हाती यावा. आणि अपूर्ण कामांची यादी संपत आल्याशिवाय नव्या कामांना मान्यता देणं थांबवावं. मला कल्पना आहे की यातलं शेवटचं आपल्याला सर्वांत जड जाईल. जिल्ह्याजिल्ह्यातून आपलेच सहकारी नवी यादी घेऊन दारात उभे राहतील.

सगळ्या राज्यात एकदम करणं अवघड असेल तर येत्या पुरवणी मागण्यांआधी एका परभणी जिल्ह्यातल्या अपूर्ण कालव्यांपुरता हा क्रम लावून पाहावा. यादी करायला आम्ही काही निवृत्त अभियंते मोबदला न घेता बसायला तयार आहोत. कालव्याच्या कोणत्या साखळी क्रमांकावर, म्हणजे किती अंतरावर, कुणाच्या जमिनीचा गट अडला आहे आणि तो कशाने सुटेल, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना आजही तोंडपाठ आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता
सेलू, जि. परभणी