बाबूजी, कागदाचं नाव सांगितलंत म्हणून

आदरणीय बाबूजी,
जय गुरुदेव.

तोंडावर आभार मानले की तुम्ही झेरॉक्स मशीनकडे वळता आणि ‘कागद संपला का रे?’ म्हणून मुलाला हाक मारता. दोनदा असं झालं. म्हणून आता लिहूनच टाकते, तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला वळायला जागा राहणार नाही. नाव तेवढं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. तसंही पंचायत समितीच्या फाटकासमोर ज्याचं काम कधी अडलं आहे, त्याला मी कोणाबद्दल बोलते हे दुसऱ्या ओळीतच कळलं असेल.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती आभार मानण्यासारख्या मनःस्थितीत नव्हते. हातात ग्रामपंचायतीचं पत्र होतं, त्याची झेरॉक्स काढून कोणाला तरी दाखवायची होती. कोणाला, ते ठरलं नव्हतं. त्या कार्तिकात आमचं धान निसवत असताना तलावात पाणी होतं आणि आमच्या बांध्यांत नव्हतं. पाट मधेच गाळानं बुजलेला. आणि तलावाच्या पारीवर मात्र ‘तलाव दुरुस्ती व पाट सफाई’ असा निळा फलक दोन वर्षांपासून उभा, त्यावर रक्कमही लिहिलेली. चिन्नोर उशिराचं धान, त्याला शेवटचं एक पाणी लागतंच. ते मिळालं नाही, निम्मा लोंब पोचट गेला.

दहावी शिकलेली, अक्षर बरं, म्हणून बायांनी मलाच माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसवलं. मी लिहिलं होतं: ‘फलक लागला पण पाट साफ झाला नाही. असे का झाले? पैसे कोणी खाल्ले? याला जबाबदार कोण? सविस्तर माहिती मिळावी.’ वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. सव्वा महिन्यानं उत्तर आलं ते हेच पत्र: ‘सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून या कार्यालयाशी संबंधित नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

तुम्ही ते मशीनच्या काचेवर उलटं ठेवता ठेवताच वाचलंत. आणि म्हणालात, “बाई, पैसे कोणी खाल्ले हे कोणत्या रजिस्टरात लिवलं रायते का वो?”

मला राग आला होता, खरं सांगते. वाटलं हेही त्यांच्यातलेच, पेन्शनवर गेले तरी बाबूच. पण तुम्ही स्टूल पुढं सरकवलंत आणि म्हणालात, “कायदा कागद देते, जबाब नाई देत. जो कागद सरकारजवळ हाये, तोच मागाचा. अन् त्याच्या नावानं मागाचा.” मग गल्ल्याखालून एक जुनी लग्नपत्रिका काढलीत, कोपऱ्याला हळद लागलेली, आणि तिच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागलात. प्रशासकीय मान्यता. तांत्रिक मान्यता. अंदाजपत्रक. कार्यारंभ आदेश. मोजमाप पुस्तिका, तिच्यापुढं कंसात ‘एमबी’ आणि खाली दोन रेघा. देयक. काम पूर्ण झाल्याचा दाखला.

सात नावं. आमच्या गावात इतक्या वर्षांत कोणाला यातली दोनसुद्धा धड माहीत नव्हती. भांडणं मात्र भरपूर झाली होती.

दुसरी गोष्ट तुम्ही सांगितलीत ती तलाव कोणाचा याची. आम्ही आपले म्हणायचो, गावचा तलाव, तर ग्रामपंचायतीचाच असणार. आमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत असे तलाव गावोगाव आहेत, गोंड राजांच्या काळापासून बांधत आलेले, कोहळी लोकांच्या हातचे. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून गावाचा हात सुटला आणि सरकारचा नीट धरला गेला नाही, हे तुमचंच वाक्य. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो. म्हणजे मी दार चुकीचं ठोठावलं होतं. पण दार चुकलं म्हणून अर्ज निकाली काढता येत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. कलम ६(३): माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडं पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. आमच्या पत्रात ते कलम कुठंच नव्हतं.

मी लगेच नवीन अर्ज लिहायला निघाले, तर तुम्ही थांबवलंत. “आधी फाईल पाहून ये. सोमवारी.”

राज्य सरकारचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे, जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. मला ठाऊक नव्हतं. लघु पाटबंधाऱ्याच्या कार्यालयातही ज्यांना मी विचारलं त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ते आधीच माहीत असणार, कारण परिपत्रकाची एक प्रत तुम्ही माझ्या पिशवीत घालून दिली होती आणि वर म्हणालात, “भांडू नोको. कागद समोर ठेव, अन् उभी राय.”

मी उभी राहिले. वीसेक मिनिटं. लिपिकानं परिपत्रक वाचलं, साहेबाकडे नेलं, परत आणलं, मग कपाटाची किल्ली शोधली. फाईल लाल फितीत बांधलेली, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. मला खुर्ची दिली, हे मुद्दाम लिहिते. पंखाही लावला, पण मग पानं उडायला लागली म्हणून मीच बंद करायला सांगितला. एमबी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. लांब पानं, निळी कार्बनची शाई, साखळी, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, शून्य ते सहाशे मीटर, रुंदी, खोली, घनमीटर, शेवटी सही. गावातली माणसं ज्यावर दोन वर्षं तोंडी भांडली, ते सगळं एका ओळीत लिहिलेलं होतं: पाट सहाशे मीटर साफ केला. आम्हाला माहीत होतं की सफाई मोहाच्या झाडापर्यंत झाली आणि तिथंच जेसीबी वळला. पण मोहाचं झाड किती मीटरवर आहे हे कोणी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊ, बैल बांधायचा दोर घेऊन गेलो. दोर आधी तुमच्या दुकानाशेजारच्या शिंप्याच्या टेपनं मोजून घेतला होता. तीनशे चाळीस भरले.

मग अर्ज. त्यावेळी कळलं की तुम्ही मला फाईल आधी का पाहायला लावली. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. बायांचा आग्रह होता की त्यातच रेशन, घरकुल आणि अंगणवाडीचाही हिशेब मागावा. तुम्ही म्हणालात, तीन विषय घातले की तिन्ही बुडतील. जोडपत्र अ चा नमुना भरला, विषय एक, कागद सात, कालावधी लिहिला. तुम्ही माझ्या अक्षरावर एकच खूण केलीत, ‘सविस्तर माहिती’ हे शब्द खोडून ‘प्रमाणित छायाप्रत’.

तीस दिवस गेले. चौतिसाव्या दिवशी पत्र आलं, त्रेचाळीस पानांचे दोन रुपयांप्रमाणे ८६ रुपये भरून प्रती न्या. मी पैसे घेऊन निघालेच होते. ८६ रुपयांत सुटत असेल तर सुटू दे, असं वाटलं. तुम्ही मात्र चष्मा पुसलात आणि म्हणालात, मुदत उलटली की कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट. “छ्याऐंशी रुपयासाठी नाई म्हणत मी. तारीख चुकली हे त्याइच्या कागदावर आलं पायजे.” तेव्हा मला तुम्ही जरा हट्टी वाटलात. वीस रुपयांचं तिकीट लावून जोडपत्र ब मध्ये पहिलं अपील केलं. एप्रिलात सुनावणी झाली. अपिलाचे साहेब बोलायला चांगले होते. त्यांनी आदेशात लिहिलं, विलंब झाला, प्रती विनामूल्य द्याव्यात. त्या आदेशाची किंमत मला ग्रामसभेत कळली. तिथं मी उठले तेव्हा मला कोणी ‘तुला काय समजते’ म्हटलं नाही, कारण हातात साहेबाची सही होती.

पुढचं थोडक्यात सांगते, तुम्हाला माहीतच आहे. एक मेची ग्रामसभा, एमबीचं पान वाचून दाखवलं, दोराचं माप सांगितलं. गदारोळ झाला. अभियंत्यांना बोलावणं गेलं. ते ‘उर्वरित काम’ म्हणाले, मी ‘लिहिलेलं काम’ म्हणाले. मे संपायच्या आत जेसीबी मोहाच्या झाडाच्या पुढं सरकला. कोणावर कारवाई झाली का, तर नाही. माझ्या दीराला ते अजून खुपतं. मला पाणी हवं होतं. या कार्तिकात तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या धुऱ्याला लागलं, आणि सासूबाई त्यात पाय बुडवून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.

एक गोष्ट तुमच्यामुळं माझ्या मनातून गेली, तीही सांगायला हवी. सगळे कर्मचारी माहिती दडवायलाच बसलेत, असं मला वाटायचं. तुम्हीच मला आमच्या ग्रामपंचायतीच्या सचिवाबद्दल सांगितलंत, की त्यांच्याकडे दोन गावांचा चार्ज आहे, नमुना ८ च्या नकला, करवसुली, ऑनलाइनच्या नोंदी, आणि त्यात बाहेरगावचा एक गृहस्थ दर महिन्याला गठ्ठ्यानं अर्ज टाकतो आणि मग ‘मिटवून घेऊ’ म्हणतो. त्यामुळं माझ्यासारखीचा अर्ज आला तरी ते आधी दचकतात. हे ऐकून मी मवाळ झाले नाही, पण सचिवाशी बोलायची पद्धत बदलली. तरीही एक तक्रार राहतेच. कलम ४ प्रमाणे सतरा बाबी कार्यालयानं स्वतःहून जाहीर करून ठेवायच्या असतात, आणि दरवर्षी अद्ययावत करायच्या. अंदाजपत्रक आणि एमबी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली असती तर मला दहा रुपयांचं तिकीट तरी कशाला लागलं असतं?

एकदा तुम्ही दसऱ्याची गोष्ट सांगितलीत. २००५ चा कायदा लागू झाला तो १२ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी दसरा होता. (महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ चा, अण्णा हजारेंच्या उपोषणांनंतर आलेला.) सुट्टीनंतर तुम्ही कार्यालयात गेलात तर साहेबांनी सांगितलं, दारावर ‘जन माहिती अधिकारी’ अशी पाटी लावा. रंगारी मिळेना, म्हणून तुम्ही स्वतःच खडूनं फळ्यावर लिहिलंत. संध्याकाळी कोणीतरी त्यावर ओला पोछा फिरवला. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलंत. असं किती दिवस चाललं हे तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

आता काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एकीनं यादी मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या कायद्यानं कलम ८(१) मधली ती पळवाट मोठी केली, पूर्वी तिथंच सार्वजनिक हिताची अट होती ती काढली. तुम्ही तिला सांगितलंत की कलम ८(२) अजून जागेवर आहे, लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, ते अपिलात लिही. तिनं लिहिलं आहे. उत्तर यायचं आहे.

बायका आता माझ्याकडे येतात. ‘माझं घरकुल का नाई आलं’ असं लिहून आणतात, आणि मी स्टूल पुढं सरकवते. तुमच्यासारखं हसून म्हणायला जमत नाही अजून, मला राग लवकर येतो.

चिन्नोर निघालं तेव्हा एक पायली घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, ‘पावती दे, मंग घेतो.’ मी खरंच वहीचं पान फाडून पावती लिहिली, तारखेसह. ती काकूंनी फ्रिजवर चिकटवली आहे असं मुलगा सांगत होता.

आणि ती लग्नपत्रिका माझ्याकडेच आहे. पाठीवरचं अक्षर अजून स्पष्ट आहे, पुढच्या बाजूची हळद थोडी गेली. कोणाच्या लग्नाची ते मी आजवर वाचलं नव्हतं, काल वाचलं, तुमच्याच मुलीच्या लग्नाची. तुम्हाला घरात जपायची असेल तर आणून देते. झेरॉक्स काढून घेतली आहे, दुसऱ्या दुकानातून.

तुमची,
मोहाच्या झाडापलीकडच्या बांधीतली सूनबाई