पाड्यावरच्या बायकांच्या हातात बटण द्या

संपादक साहेब,
मी नर्सची नोकरी करून रिटायर झाले आणि आता आरे कॉलनीतल्या एका आदिवासी पाड्यावर बायकांनीच चालवलेल्या आरोग्य गटात मदतीला जाते. मागच्या महिन्यात एका संस्थेची माणसं गटाचं काम कसं चाललंय ते तपासायला आली, कॉलेजची दोन पोरं टॅब घेऊन घरोघर फिरली, सासू शेजारी बसलेली असताना सुनेला विचारतात बाळंतपणात काही त्रास झाला का, ती काय बोलणार, "बरं हाय" म्हणाली, झाली टिक. ती सातव्या महिन्यापर्यंत एकदाही तपासायला गेली नव्हती हे मला माहितीय. पण रिपोर्ट एकदम छान आला.

टॅब आला म्हणून सर्वे सुधारत नाही हो. त्यापेक्षा सगळ्या बायकांना समाजमंदिरात बसवा, प्रत्येकीच्या हातात छोटं कीपॅड द्या, पडद्यावर चित्र, प्रश्न वारलीत रेकॉर्ड केलेला, आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. कुणी काय दाबलं ते शेजारणीला कळत नाही पण एकूण किती जणी हो आणि किती नाही ते लगेच पट्ट्यांमधे दिसतं, आणि जिला वाचता येत नाही तिलाही कुठली पट्टी उंच ते कळतंच की. मग "एवढ्या जणी नाही का म्हणतायत" यावर जी बोलणी सुरू होतात ना, माझ्या मते खरी तपासणी तीच. नवऱ्याची दारू, मारहाण असले प्रश्न मात्र चारचौघीत नकोत, ते हेडफोन लावून एकटीने ऐकायचे.

लोकांनीच तपासायचं हे आपल्याकडे नवीन नाही. २००७ पासून लोकाधारित देखरेखीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताचा पालघर धरून, गावांतल्या लोकांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडले. तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रेडफर्नमधे आदिवासींनी १९७१ लाच स्वतःच्या ताब्यातला दवाखाना काढला. मग मुंबईतल्या पाड्यांना फक्त उत्तरं द्यायलाच का बसवायचं?

सर्वे करणाऱ्यांना कळकळीची विनंती, प्रश्न गटाबरोबर बसून काढा आणि निकाल पाड्याला दाखवल्याशिवाय गाडीत बसू नका. आमच्या बायकांनी पाच प्रश्न काढून ठेवलेत. पहिलाच आहे, रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कुठपर्यंत येते? तो त्या टॅबमधे नव्हता.

– एक निवृत्त परिचारिका, गोरेगाव (पूर्व), मुंबई