खोलीला फक्त कुलूप लावतोय

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून पत्र. आई, त्यांना चष्मा शोधून दे, आणि चहा झाल्यावरच हे हातात दे.

सांगून टाकते. डोंबिवलीत तुमच्यासाठी जागा घेतली आहे, भाड्याने. डिपॉझिट भरलं. एक तारखेपासून. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर ‘बघू दिवाळीनंतर’ हेच ऐकू आलं असतं. गेल्या महिन्यात आई दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात अर्धा तास बसून होती, ते मला तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबा, तुमचं उत्तर मला पाठ आहे. ‘अख्खी गोदी उडाली, पण तात्यांनी चिंचबंदरची खोली सोडली नाही.’ तुमच्या पोटावर डोकं ठेवून मी ही गोष्ट ऐकायचे आणि स्फोटाच्या जागी तुम्ही पोट हलवायचात. दोनदा. 14 एप्रिल 1944, शुक्रवार, दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला, 4 वाजून 34 मिनिटांनी दुसरा. व्हिक्टोरिया डॉकमधलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज, पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा आणि सोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. (दारूगोळ्याशेजारी कापूस! लढाईच्या घाईत कुणाला सुचलं हे?) जळता कापूस वस्तीवर पडला, धान्याची गोदामं पेटली, आणि एका पारशाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट आली. ती वीट तुम्ही दर वेळी थोडी मोठी करायचात.

आता रागावू नका. मे महिन्यात माळा आवरताना तात्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक पोस्टकार्ड सापडलं. सहाव्या जॉर्जचं डोकं, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. मुकादमांनी तात्यांना लिहिलंय, 9 मे 1944. ‘खोलीचें कुलूप शाबूत आहे. काचा गेल्या. रेशनकार्ड मजपाशी आहे. गर्दी ओसरल्यावर यावें.’ आणि पत्ता गावचा आहे बाबा, वाठार स्टेशनमार्गे.

म्हणजे तात्या गेले होते. आजीला पोचवायला गेले असतील म्हणाल. असतील. पण पंचवीस दिवस? आत्या तान्ही होती, लोक मिळेल त्या गाडीने मुंबई सोडत होते. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी जगाला सांगितली, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना मात्र मेपर्यंत तोंड उघडायची परवानगी नव्हती. गावात काय झालं ते सांगणारे तात्याच असणार, पारावर बसून. मग ते परत आले. ढिगारा उपसायलाच सात महिने लागले, हमालाला कामाची काय कमी. तुम्ही खोटं सांगितलंत असं मी म्हणत नाही. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी मधले पंचवीस दिवस गाळले, एवढंच.

आपणही कुलूपच लावतोय. पागडी सोडत नाही, चावी तुमच्या जानव्याला राहील.

नवी जागा पहिल्या मजल्यावर आहे, तरी लिफ्ट आहे. कमोड घरातच, रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणं नाही. न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतली. तुळशीला सकाळचं ऊन मिळतं, मी दोन दिवस जाऊन पाहिलं. पेपर सहाला येतो. बाबांचा न्हावी मात्र मिळणार नाही, त्याला मी काय करू. मी चालत पाच मिनिटांवर आहे, आणि रोज डोकवून छळणार नाही. एक दिवसाआड.

टेम्पो रविवारी येईल. पेटीला कुणी हात लावायचा नाही, मी उचलीन. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. आई, रक्तदाबाची गोळी सकाळी, उपासालासुद्धा. लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात नको, जुन्या लुगड्यात गुंडाळ.

तुमची,
बेबी

ता. क. पोस्टकार्ड सोबत पाठवत नाही, समोर बसून दाखवीन. ती वीट केवढी होती तेही तेव्हाच ठरवू.